कडकरावांनी टाकी धुतली

कडकरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण अक्का, आणि तीसुद्धा चिडली की कडकरावच म्हणायची. हे नाव त्यांना दुकानाने दिलं. त्यांची लॉन्ड्री होती. तिथून खळ लावून आलेला शर्ट खुर्चीत ठेवला तर आत माणूस नसतानाही ताठ बसून राहतो, असं गल्लीत म्हणायचे. माणूस मात्र अगदीच मऊ. गिऱ्हाईक दोन शब्द गोड बोललं की हे त्याच्या कोटाची तुटलेली बटणं फुकट लावून द्यायचे आणि वर त्यालाच चहा पाजायचे.

या मऊपणाला अपवाद एकच, मळ. मळ दिसला की कडकराव बदलायचे. समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्यांची नजर त्याच्या कॉलरवर जायची. शाई, गंज, तेल, गवत, प्रत्येक डागाशी त्यांचं वेगळं वैर होतं आणि प्रत्येकासाठी फळीवर वेगळी बाटली होती. घरी तर विचारूच नका. पाहुण्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं न ठेवलं तोच हे ते विसळायला घेऊन गेलेले असायचे. अक्का म्हणायची, मी बसलेली असते आणि हा माझ्या भोवतीने फरशी पुसत असतो, एक दिवस मलाही पिळून वाळत घालेल.

लग्न राहून गेलं होतं. आधी अक्काचं करायचं होतं, मग वडिलांचं आजारपण निघालं, मग दुकान वाढलं, मग अक्का एकटी पडली म्हणून परत आली, आणि एक दिवस कडकरावांच्या लक्षात आलं की आपल्याला आता याबद्दल कुणी विचारतच नाही. वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. गठ्ठे येत होते, गठ्ठे जात होते, वाफेत दिवस बरा सरत होता. मग पंचावन्नी उलटल्यावर समोरच्या बंद गाळ्याचं शटर उघडलं, तिथे चष्म्यांचं दुकान आलं, आणि कडकरावांच्या डोळ्यांना एकाएकी फार त्रास व्हायला लागला.

चष्मेवाल्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि एकट्या राहायच्या. केस जेमतेम विंचरलेले, ओढणीला कुठेतरी शाई, टेबलावर भिंगं, पेचकस, बिस्किटांचा उघडा पुडा आणि कालचा कप. त्या पसाऱ्यात न बघता हात घालून त्या नेमका हवा तो मुंगीएवढा स्क्रू बाहेर काढायच्या. असला पसारा दुसऱ्या कुणाचा असता तर कडकरावांना धाप लागली असती. इथे मात्र ते खुळ्यासारखे हसत बसायचे. वर्षात तीनदा डोळे तपासून आले. नंबर तसूभर हलला नव्हता, तरी तिन्ही वेळा नवा चष्मा केला. एक लांबचा, एक जवळचा आणि एक, अक्काच्या म्हणण्याप्रमाणे, रस्त्याच्या पलीकडचा.

चौथ्या खेपेला बाईंनी त्यांना उंच खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. कडकरावांनी घसा साफ केला.

"माझ्याशी लग्न कराल का?"

बाईंनी आधी तक्त्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "असं तिथे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, ते मला दिसतंय," कडकराव म्हणाले. एक डोळा अजून झाकलेलाच होता.

बाई बराच वेळ हातातला पेचकस फिरवत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांना भाचीच्या बाळंतपणासाठी बहिणीकडे जायचं होतं, दोन आठवडे. आल्यावर सांगते, म्हणाल्या. दारापर्यंत कडकरावांना पोचवायला आल्या तेव्हा जरा थांबून त्यांनी विचारलं की तोवर माझे मासे सांभाळाल का. कडकरावांना त्या क्षणी कुणी हत्ती सांभाळाल का विचारलं असतं तरी त्यांनी त्याला खळ लावून दिली असती.

माशांची टाकी दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून रस्ता ओलांडून लॉन्ड्रीत आली आणि गल्ल्याशेजारी विराजमान झाली. आत पाच गोल्डफिश होते. सगळ्यात मोठा हवालदार, तो दिवसभर काचेलगत गस्त घालायचा. तोंडाचे कोपरे खाली वळलेल्या त्या सासूबाई. सतत शेजारी शेजारी राहून एकमेकींकडे न बघणाऱ्या दोन जावा. आणि पांढऱ्या पोटाची बारकी. हवालदार बाईंच्या बोटातून खाणं घ्यायचा. बाईंनी टाकीत हात घालून ते दाखवलं, आणि दाखवताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की कडकरावांना त्या माशाचा थोडा हेवाच वाटला.

सूचना दोनच होत्या. दिवसातून एकदा चिमूटभर खाणं घालायचं. बाकी काही करायचं नाही. हे दुसरं वाक्य बाई जाताना रिक्षातूनही पुन्हा म्हणाल्या. आता कडकराव जन्मभर गिऱ्हाइकांत वावरलेले. लोक तोंडाने 'सवडीने द्या, काही घाई नाही' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहतात, हे त्यांना ठाऊक. बाई भिडस्त आहेत, आपल्याला त्रास नको म्हणून असं म्हणतायत, असा त्यांनी स्वच्छ अर्थ काढला.

आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले. माशांना बघत होते पण बघत होते ते काचेवरचा हिरवट थर. आत कोपऱ्यात पाणी गाळणारी एक डबी होती, पाणी तिच्यातून बुडबुडत जायचं, आणि डबीत एक स्पंज होता. त्यांनी झाकण उघडून स्पंज बाहेर काढला. गडद तपकिरी, बुळबुळीत, आणि बोटाने दाबल्यावर त्यातून जे निघालं ते कडकरावांनी चाळीस वर्षांच्या धंद्यात कुठल्याही मोज्यातून निघालेलं बघितलं नव्हतं. आणि हे त्या बाईंचे मासे, त्या बाईंच्या लाडाचे, यातून गाळलेलं पाणी पीत होते.

मग काय, कडकरावांनी बाह्या सारल्या. प्रेमात पडलेला माणूस आणि त्यातून धुलाईवाला. गल्लीत कुणी त्यांना अडवणारं नव्हतं, आणि अक्का तर म्हणाली की तुझ्या हाताला चैन पडत नाहीये हे मला कालच दिसलं, एकदाचं धुऊन टाक. मासे त्यांनी भिजवणीच्या नव्या बादलीत काढले, फार जपून, एकेकाला ओंजळीत धरून. जुनं पाणी थेंबन् थेंब मोरीत ओतलं. तळाचे दगड मोठ्या पातेल्यात उकळले. काच शिरक्याने घासली. स्पंज कढत पाण्यात, सोड्यात, पाच पाण्यांतून काढला आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. तो पिवळाधमक निघाला तेव्हा त्यांनी तो अक्काला नेऊन दाखवला. त्यावर इस्त्री फिरवली नाही, एवढंच काय ते शहाणपण. नळाचं ताजं पाणी भरून, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं कोपराने बघून, कोमट करून मग मासे आत सोडले.

आणि टाकी अशी झळकली की बस्स. पाणी आहे की नाही कळेना. पाच मासे हवेत तरंगतायत असं वाटत होतं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले, समोरचा किराणावाला गल्ला सोडून आला, शाळेतून परतणाऱ्या मुली आत येऊन काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. कडकराव टाकीशेजारी असे उभे होते जणू मासेही त्यांनीच घडवले. संध्याकाळी बाईंचा फोन आला. मासे कसे आहेत, विचारलं. आल्यावर बघाल तर ओळखणार नाही, कडकराव म्हणाले. आनंद गगनात मावत नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या लेंग्याला दोनदा नीळ दिली.

दोन दिवसांनी मासे वर यायला लागले. पाचही जण पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून मचमच करायचे. कडकराव जवळ गेले तरी हलायचे नाहीत. त्यांना वाटलं, आपली ओळख पटली. हे आपल्याशी बोलायला वर येतायत. त्यांनी अक्काला बोलावून दाखवलं, बघ, सासूबाईंनीसुद्धा राग सोडला. त्यांच्या मनात आलं की ज्याअर्थी माशांनी होकार दिलाय त्याअर्थी मालकिणीचाही येणार, आणि त्या खुशीत त्यांनी चिमटीऐवजी मूठभर खाणं घातलं. मासे खाण्याकडे फिरकले नाहीत. पोटं भरली असतील, कडकराव म्हणाले, आणि गाणं गुणगुणत इस्त्रीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तेव्हा बारकी उलटी तरंगत होती. दुपारपर्यंत दोन्ही जावा गेल्या, शेजारी शेजारीच. सासूबाई गेल्या. हवालदार सगळ्यात शेवटपर्यंत टिकला. तळाशी एका अंगावर झुकून तो अजूनही काचेलगत पुढे सरकायचा प्रयत्न करत होता. कडकरावांनी त्याच्यापुढे बोट धरलं, चिमटीत खाणं धरलं. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, ती बोलत होती, यांना काही ऐकू येत नव्हतं. दिवे लागायच्या सुमारास हवालदारही थांबला.

कडकराव भिंतीकडे तोंड करून रडले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला पण एवढा मोठा माणूस एवढ्याशा गाळ्यात कुठे लपणार. मग त्यांनी पाच पांढरे रुमाल काढले, त्यांच्या घड्या मोडून पाहिल्या, एकाला सुरकुती होती म्हणून त्याला पुन्हा इस्त्री केली, आणि एकेका माशाला गुंडाळून मागच्या दाराशी मोठ्या कुंडीत पुरलं. एरवी टोमणे मारल्याशिवाय जिला घास उतरत नव्हता ती अक्का कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरून शेजारी गप्प उभी होती.

नेमका तेव्हाच बाईंचा फोन आला. मुलगी झाली, भाची सुखरूप आहे, मी परवा सकाळच्या गाडीने येते. मग विचारलं, मासे कसे आहेत.

"शांत आहेत," कडकराव म्हणाले.

हे तसं बघितलं तर खोटं नव्हतं, आणि याच्याहून मोठं खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते. 

उपाय अक्काने काढला. गोल्डफिश काय, सगळे सारखेच, तसलेच पाच आण आणि सोड, तिला काय कळणार आहे. कडकराव सकाळी उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला टाक्यांच्या दुकानात गेले. मालक उंच, वाकलेला, कायम झोपेतून उठवल्यासारखा दिसणारा. पाच मासे एकदम हवेत म्हटल्यावर त्याला संशय आला आणि त्याने आधीच्यांचं काय झालं ते विचारलं. कडकरावांनी सांगितलं की मी टाकी धुतली.

"स्पंजपण?"

"सोड्यात," कडकराव म्हणाले. "पाच पाण्यांतून."

"दगड?"

"उकळले."

मालकाने डोळे मिटून घेतले. "मग आत जिवंत काय ठेवलंत?"

"मासे," कडकराव बारीक आवाजात म्हणाले.

मग मालकाने त्यांना स्टुलावर बसवून सगळं समजावलं. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात, त्या घाणीचं विष होतं. स्पंजवरचा तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे जिवाणू. ते बिचारे दिवसरात्र ते विष खाऊन संपवतात. दगडांवर तेच, काचेवर थोडे तेच. त्यांना जमायला महिना महिना लागतो. तुम्ही ते सगळे एका सकाळी मारून टाकलेत, नळाच्या पाण्यातल्या औषधाने उरलेसुरले मेले, आणि मासे आपल्याच घाणीत गुदमरले. ते वर येत होते ते श्वासासाठी. त्यात तुम्ही मूठभर खाणं घालून आणखी सडवलंत. नवशिके लोक उपासमारीने मासे मारत नाहीत, साहेब, लाडाने मारतात, तो म्हणाला, आणि जाळी घेऊन काचेकडे वळला.

त्याने काढलेला मासा थेट हवालदारच होता. तोच रंग, तीच शेपटी, तीच ऐट. कडकराव त्याच्याकडे बघत राहिले. बाई टाकीत बोट घालतील आणि हा येणार नाही, एवढं एकच त्यांना दिसत होतं. दुसऱ्याचा शर्ट गळ्यात मारला तर तो अंगात घालताच माणसाला कळतं, बटणं जुळली म्हणून काय झालं. आजवर दोन कोट त्यांच्या हातून जळले होते आणि दोन्ही वेळा ते स्वतः मालकाच्या घरी जाऊन सांगून आले होते. राहू द्या, ते दुकानदाराला म्हणाले. सांगितलं तर बाई नाही म्हणणार, हे त्यांना दिसत होतं. तरी ते तसेच बाहेर पडले.

बाईंची गाडी आली तेव्हा कडकराव फलाटावर हजर होते. अंगात असा कडक शर्ट की मान वळत नव्हती. बाई उतरल्या त्या हसतच. केस विस्कटलेले, पिशवीतून बाळाचं एक टोपडं डोकावत होतं, ते चुकून आलं होतं म्हणाल्या. भाचीचं सांगत होत्या, बाळाच्या नाकाचं सांगत होत्या. कडकरावांनी बॅग घेतली. कसं सांगायचं त्याची त्यांनी सकाळपासून आरशासमोर तालीम केली होती, तिच्यातलं एक अक्षर आठवेना. स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर ते मध्येच उभे राहिले.

"मासे गेले," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेले. परवा तुमच्याशी मी खोटं बोललो."

बाईंनी वळून बघितलं. "हवालदारसुद्धा?"

कडकरावांनी मान हलवली. बाई रस्त्याच्या कडेला आपल्याच बॅगेवर बसल्या आणि कसं झालं ते सगळं सांगा म्हणाल्या. कडकरावांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. भिजवणीची बादली, उकळते दगड, शिरका, सोडा, पाच पाणी. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाळत घातलेल्या स्पंजला चिमटा लावल्याचं आलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. रुमालाची सुरकुती आणि तिच्यावरची इस्त्री आली तेव्हा त्यांना हसू आवरेना. येणारे जाणारे बघायला लागले. बाई रडत होत्या, हसत होत्या, आणि हसतोय म्हणून स्वतःवर चिडत होत्या. कडकराव बॅग नसताना बॅग धरल्यासारखे हात लोंबकळवून उभे होते.

"गाडीत बसले तेव्हा ठरवूनच बसले होते, तुम्हाला काय सांगायचं ते," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"काय?"

"आता नाही सांगणार." त्या उठल्या. मग चालता चालता, त्यांच्याकडे न बघता बोलल्या, "तुम्ही दुर्लक्ष कराल अशी भीती मला कधीच नव्हती. मला भीती होती ती याचीच. मी पसाऱ्यातली बाई आहे. तुमच्या घरात मी किती दिवस टिकेन?"

कडकरावांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. खळीतून काढल्यासारखे ते ताठ चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र बाई स्वतःच रस्ता ओलांडून लॉन्ड्रीत आल्या. हातात खाण्याचा डबा आणि एक छोटी बाटली. त्यांनी सांगितलं की टाकी इथेच राहील, पाणी चालू राहील, मासे नसतील. रोज चिमूटभर खाणं घालायचं, ते सडेल, त्यावर जिवाणू जमतील. पुसायचं नाही, घासायचं नाही, बदलायचं नाही. मी अधूनमधून पाणी तपासेन. ते तयार झालं तर मासे आणू. आणि बाकीचंही तेव्हाच बोलू, म्हणाल्या. अक्काने दारामागून हे ऐकलं आणि देवघरात नसलेल्या देवालाही नवस बोलून टाकला.

आता गल्लीला जी करमणूक सुरू झाली तिला तोड नव्हती. कडकराव रोज सकाळी रिकाम्या टाकीपुढे उभे राहायचे, चिमटीने खाणं घालायचे आणि ते खाली बसेपर्यंत बघत राहायचे. किराणावाल्याने पसरवलं की धक्का बसलाय, त्यांना अजून मासे दिसतात. एक गिऱ्हाईक हळूच अक्काला डॉक्टरचं नाव सांगून गेलं. कुणी विचारलं की कडकराव, कसे आहेत मासे, तर हे सरळ चेहऱ्याने उत्तर द्यायचे की अजून आलेले नाहीत, जेवणाची सोय आधी लावून ठेवलीय.

टाकी आधी दुधाळ झाली, मग पिवळट, मग काचेवर हिरवी लव धरली. कडकरावांचे हाल कुत्रा खाईना. हात आपोआप फडक्याकडे जायचा. त्यांनी फडकी वरच्या फळीवर टाकली, तर पाय आपोआप स्टुलाकडे जायला लागले. एकदा अक्कानेच न राहवून काचेला बोट लावलं तर ते असे ओरडले की तिघं गिऱ्हाइकं दचकली. मग एक नवं गिऱ्हाईक आलं, पांढऱ्या सुटातलं, आणि टाकीकडे नाक मुरडून म्हणालं की धुलाईच्या दुकानात ही असली घाण, इथे मी कपडे कसे टाकू.

"ती घाण नाही," कडकराव शांतपणे म्हणाले. "ते कामावर आहेत. तुमच्या डाव्या बाहीवर आहे ती घाण. चहा आहे, निघेल."

बाई दर दोन-तीन दिवसांनी यायच्या. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायच्या, बाटलीतले थेंब टाकायच्या आणि दोघं डोकं जवळ आणून नळीचा रंग बघायचे. हिरवा म्हणजे विष आहे, पिवळा म्हणजे नाही. हिरवा, गडद हिरवा, पुन्हा हिरवा. कडकरावांना नेमका कुठला रंग हवा होता सांगता येत नाही, कारण हिरवा निघाला की बाई पुन्हा येणार असायच्या. डोळे तपासायला रस्ता ओलांडायची गरज उरली नव्हती. बाई यायच्या तेव्हा गल्ल्यावर चष्म्याची काडी विसरायच्या, पेन विसरायच्या, एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद विसरून गेल्या. कडकरावांनी ते त्या परत येईपर्यंत तिथेच राहू दिलं. त्याच्यावर माशी बसत होती आणि हे हातपंख्याने माशी वारत होते.

एका सकाळी नळी पिवळी निघाली. बाईंनी पुन्हा थेंब टाकून बघितलं. पिवळीच. दोघं नळीकडेच बघत राहिले. अक्का म्हणाली, आता बघत काय बसलाय, जा की.

दोघं मिळून टाक्यांच्या दुकानात गेले. उंच मालकाने दोनच मासे दिले, आधी एवढेच, म्हणाला. परत येऊन कडकरावांनी माशांची पिशवी, मालकाने बजावलं होतं तशी, गाठ न सोडता टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत थांबायचं होतं. टाकीपुढे बाकडं होतं, त्यावर दोघं बसले. शटर अर्धं खाली होतं. अक्काला एकाएकी आत खूप काम निघालं.

"माझं कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात," बाई म्हणाल्या.

"हो."

"मी चहाचे कप कुठेही ठेवते. मग विसरते."

"हो."

"एवढ्या पटकन हो म्हणू नका. खरं सांगा."

कडकरावांनी पिशवीकडे बघितलं. आत मासे प्लॅस्टिकला तोंड लावून बाहेरचं पाणी न्याहाळत होते. "मला त्रास होईल," ते म्हणाले. "फार होईल. पण मी काही बोलणार नाही."

"बोला की. बोलायला काय हरकत आहे." बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "फक्त घासू नका."

कडकरावांना वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे? बाई म्हणाल्या, म्हणजे हो. पहिल्यापासून हो होतं, मध्ये मासे आले. कडकराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आतून अक्काच्या हातून काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला. कडकरावांनी पिशवीची गाठ सोडली आणि दोन्ही मासे त्या हिरवट, गढूळ, राबत्या पाण्यात गेले, एकदा गोल फिरले आणि दगडांवरचं काहीतरी टिपायला लागले. आनंदाने काय करावं हे कडकरावांना सुचेना. त्यांचे हात रिकामे होते आणि रिकाम्या हातांची त्यांना सवय नव्हती. ते उगीच टाकीभोवती फिरायला लागले.

बाईंनी थोडा वेळ त्यांची ती तगमग बघितली. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं एक फडकं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"काच बाहेरून पुसा," त्या म्हणाल्या. "बाहेरून चालतं."

कडकराव संध्याकाळपर्यंत पुसत होते.